पुणे ते रामेश्वर-कन्याकुमारी: नऊ दिवस आणि एकच ड्रायव्हर

वाचकांचे पत्र, थोडक्यात: पुण्यातले ४६ वर्षांचे एक वाचक २५ डिसेंबर ते २ जानेवारी या सुट्टीत स्वतःच्या गाडीने दक्षिणेत जाणार आहेत. बरोबर पत्नी, पंधरा आणि दहा वर्षांची मुले आणि ७४ वर्षांची आई. गाडी पेट्रोलची, सात वर्षांची, ६८ हजार किलोमीटर झालेली. बेत असा: बंगळूर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, तिथून केरळच्या किनाऱ्याने मंगळूर, गोकर्ण आणि परत पुणे. मेहुणे म्हणतात, "२४ च्या रात्री दहाला निघा, रस्ता मोकळा मिळेल, नाश्त्याला बंगळूर." पत्नीला एवढे ड्रायव्हिंग एकट्याने करणे पटत नाही, तिच्याकडे परवाना आहे, पण हायवेवर तिने कधी गाडी चालवलेली नाही. आईंना रामेश्वर करायचेच आहे. त्या रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेतात. प्रश्न दोन: रात्री निघावे की पहाटे, आणि बंगळूरपर्यंत कोणता रस्ता धरावा?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात वादाला जागा नाही. रात्री निघू नका.

मेहुण्यांचे म्हणणे खोटे नाही. रात्री दुचाकी, रिक्षा, बाजाराची वर्दळ नसते. पण डिसेंबर म्हणजे ऊस तोडणीचा ऐन हंगाम. कराडपासून बेळगावपर्यंतचा पट्टा साखर कारखान्यांचा आहे आणि ऊस रात्रभर वाहिला जातो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे मागे लोंबत असल्यामुळे मागचे दिवे असले तरी झाकलेले, आणि वेग ताशी वीस-पंचवीस. तुम्ही नव्वदने जात असाल तर त्या ट्रॉलीकडे ताशी ६५ च्या फरकाने, म्हणजे सेकंदाला अठरा मीटरने सरकत असता. समोरून वाहने येत असताना डिप्परवर, म्हणजे खाली झुकवलेला, दिवा चाळीस-पन्नास मीटर दाखवतो. हातात तीन सेकंदही उरत नाहीत.

हिशेब आणखी सोपा करतो. ताशी शंभरच्या वेगाने कोरड्या रस्त्यावर धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण शंभर मीटर लागतात: पाय ब्रेकवर जाईपर्यंत चाळीस, ब्रेक लागल्यावर साठ. सत्तरच्या वेगाला हेच अंतर पंचावन्न-साठ मीटर होते. म्हणजे डिप्परवर सत्तरसुद्धा जरा जास्तच. आणि रात्री दहाला, दिवसभराचे काम आटोपून निघालात तर उसाच्या या पट्ट्यात तुम्ही असाल मध्यरात्री ते पहाटे तीनच्या दरम्यान. दोन ते पाच हीच शरीराची सगळ्यात गाढ झोपेची वेळ. चहा, गाणी, खिडकी उघडणे याने डुलकी थांबत नाही, फक्त थोडी पुढे ढकलली जाते. नाश्त्याला बंगळूर गाठायचे तर ८४० किलोमीटर थांबे धरून सरासरी ऐंशीने कापावे लागतील. सातारा ते कागल रुंदीकरणाच्या कामांमुळे जागोजागी डायव्हर्जन आहेत. तिथेच ही सरासरी कोसळते, आणि मग ती भरून काढायला माणूस पुढे शंभर-सव्वाशेने पळवतो.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. रस्ता चांगला आहे म्हणजे बेत जमेल, असे तुम्ही धरून चालला आहात. पण या सहलीत रस्त्यापेक्षा तोकडा पडणार आहे तो दिवसाचा उजेड आणि एका माणसाची ताकद. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाला निघून साडेचारला खोलीवर पोचायचे ठरवले तर दहा तास होतात. त्यातून जेवण, चहा, आईंचे थांबे, पेट्रोल यांचे अडीच तास वजा करा. स्टिअरिंगवर सात-साडेसात तास उरतात. चौपदरी रस्त्यावर ताशी साठ-पासष्टची सरासरी धरली तर दिवसाला साडेचारशे किलोमीटर. एकाच ड्रायव्हरने रोज त्यापेक्षा जास्त ठरवू नये.

या मापाने तुमची फेरी मोजली. एकूण सुमारे ३,२०० किलोमीटर भरतात. आकडा फार वाईट वाटत नाही, पण तास मोजले की खरे चित्र दिसते. केरळात राष्ट्रीय महामार्ग ६६ चे सहापदरीकरण अनेक ठिकाणी चालू आहे आणि वाहतूक अरुंद सर्व्हिस रोडवरून वळवलेली असते. शिवाय एक गाव संपून दुसरे कुठे सुरू झाले तेच कळत नाही अशी सलग वस्ती. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरविळक्कू उत्सवापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत, शबरीमलाचे यात्रेकरू रस्त्यावर असतात. त्यात नाताळ. या पट्ट्यात ताशी ३५ ते ४० मिळाले तरी पुष्कळ. एकट्या कोची ते मंगळूर या ४१० किलोमीटरला दहा-अकरा तास लागतील. सगळी फेरी मिळून साठ-बासष्ट तास स्टिअरिंगवर, नऊ दिवसांत, एकही दिवस मोकळा नाही. केरळचा किनारा सुंदर आहे, म्हणूनच तो परतीच्या घाईत उरकायचा नसतो. तो या वेळी वगळा.

दुसरे गृहीतक हिवाळ्याचे. आपल्याकडे डिसेंबर कोरडा, म्हणून तिकडेही कोरडा असेल असे वाटते. तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ. तिथल्या वर्षभराच्या पावसाचा जवळपास निम्मा वाटा याच तीन महिन्यांत पडतो. १७-१८ डिसेंबर २०२३ ला तूतुकुडी आणि तिरुनेलवेली जिल्ह्यांत महापूर आला. कायलपट्टिणमला एका दिवसात सुमारे ९५ सेंटिमीटर पाऊस झाला. डिसेंबरअखेर जोर बहुधा ओसरलेला असतो, पण "बहुधा" वर नऊ दिवस बांधू नयेत. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा निघण्याच्या पाच दिवस आधीपासून रोज बघा. रामनाथपुरम किंवा तूतुकुडीला नारिंगी वा लाल इशारा असेल तर मदुराईत एक मुक्काम वाढवा आणि मुले कितीही कुरकुरली तरी पुढे जाऊ नका. पुलाखालच्या भुयारी रस्त्यात पाणी साचलेले दिसले तर थांबा. फूटभर वाहते पाणीही लहान गाडी ढकलून नेऊ शकते.

मग करायचे काय? माझ्या मते तुमच्यापुढे दोन प्रामाणिक पर्याय आहेत.

पहिला: गाडीनेच जायचे, पण कन्याकुमारी आणि किनारा सोडून. २५ ला हुबळी (४३० किलोमीटर), २६ ला तुमकूर (३४०), २७ ला मदुराई. तुमकूर-मदुराई हा सगळ्यात लांब दिवस, पाचशेच्या वर. तुमकुरात मुद्दाम थांबायचे कारण बंगळूर. संध्याकाळी त्या शहरात शिरलात तर दोन तास गेले म्हणून समजा. नाताळच्या सुट्टीत होसूरच्या दिशेने इलेक्ट्रॉनिक सिटी ते अत्तिबेले हा पट्टा तुंबलेला असतो. पहाटे साडेपाचला तुमकूर सोडा, नेलमंगलाच्या पुढे नाइस रोड धरून शहराला वळसा घाला आणि आठच्या आत होसूर ओलांडा. उजेडाचा नियम या एका सकाळी तासभर मोडला तरी चालेल. तुम्ही रात्रभर झोपलेले असाल. दुपारी थकवा वाटला तर दिंडुक्कललाच मुक्काम करा, तिथून मदुराई तासाभरावर आहे.

२८ ला सकाळी मीनाक्षी मंदिर, दुपारी रामेश्वर (१७५). लक्षात ठेवा, तिकडची मोठी मंदिरे साधारण साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात. या वेळा न पाहता केलेला बेत हमखास दारात बसवतो. २९ चा अख्खा दिवस रामेश्वरला. बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीला संध्याकाळी गाड्या आत सोडत नाहीत, दुपारी तीनच्या आत निघा. मंदिरातल्या बावीस तीर्थांची, म्हणजे विहिरींच्या पाण्याची, स्नाने आईंना करायची असतील तर फरशी पूर्णवेळ ओली असते, दोन्ही मुलांपैकी एकाने हात धरायचा, कोरडे कपडे हाताशी ठेवायचे. ३० ला सेलम (४०५), ३१ ला चित्रदुर्ग (४००), १ ला कोल्हापूर (४१०), २ ला दुपारच्या जेवणाला घरी. ३१ ला चारच्या आत खोलीत असणे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या रात्रीचा हायवे इतरांना द्यावा. आणि शेवटचा टप्पा दिवसा येतो हेही मुद्दाम. कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाकडे जाणारा उतार तुम्हाला ठाऊकच आहे. ब्रेक निकामी झालेले ट्रक तिथे वारंवार लोकांच्या अंगावर आले आहेत, आणि नऊ दिवस गाडी हाकलेला माणूस नेमका तिथेच सैलावतो.

ही फेरी २,९०० किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे अंतरात फार बचत नाही. पण जवळजवळ सगळा रस्ता चार-सहा पदरी असल्याने तास सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस होतात. चौदा तास वाचले. तरीही नऊपैकी आठ दिवस गाडी चालवायची आहे, हे विसरू नका.

दुसरा पर्याय तुमच्या पत्नींच्या म्हणण्याजवळ जातो, आणि मला तो जास्त पटतो. पुण्याहून कन्याकुमारीला थेट रेल्वे आहे. तिने जा, तिथे ड्रायव्हरसह गाडी ठरवा, कन्याकुमारी-रामेश्वर-मदुराई असा पाचशेच्या आतबाहेरचा प्रवास चार-पाच दिवसांत सावकाश करा आणि मदुराईहून विमानाने परत या. आईंचे रामेश्वर होते, कन्याकुमारीही सुटत नाही. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीतून मिळणारी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने वापरताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. मात्र गाडी चालवणे हाच तुमच्या सुट्टीतला आनंद असेल, तर तसे घरात स्पष्ट सांगा. पत्रात ते कुठेच नाही, पण ओळींच्या मधून दिसते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग पहिला पर्याय घ्या, एका अटीवर.

अट अशी की पत्नींना हायवेवर चालवता आले पाहिजे. "तिला जमत नाही" आणि "तिने कधी केले नाही" यांत फरक आहे. चार रविवार पुरतील. पहिल्या दिवशी सकाळी सातला खेड-शिवापूरच्या पुढे साताऱ्याकडे तासभर, वेग सत्तर, मधली लेन. दुसऱ्या रविवारी ट्रक ओलांडणे: आपल्याकडे अवजड गाड्या उजव्या लेनमध्ये रेंगाळतात आणि डावीकडून काढावे लागते, तेव्हा डाव्या कडेने उलट येणारी दुचाकी आधी बघायची. तिसऱ्या रविवारी पूर्ण भरलेली गाडी, सगळे घर आत बसवून. ब्रेक आणि पिकअप दोन्ही वेगळे लागतात. चौथ्या रविवारी खंबाटकी घाट. तुम्ही शेजारी बसून सूचना देऊ नका, तेवढे शक्य नसेल तर मागे बसा. मग सहलीत चित्रदुर्ग ते तुमकूर किंवा नामक्कल ते दिंडुक्कल असे सरळ, सपाट दोन-दोन तास त्यांचे. तेवढ्याने तुमचा दिवस सात तासांवरून पाचावर येतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पुणे-बंगळूरला कोल्हापूर-हुबळी हा नेहमीचा रस्ता, आणि सोलापूर-विजयपूर-होस्पेट-चित्रदुर्ग हा पर्यायी. दुसरा तीस-चाळीस किलोमीटर लांब आहे, पण सातारा-कागलची कामे टळतात आणि ट्रकही कमी लागतात. पहिला मुक्काम होस्पेटला पडतो, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. एकट्या ड्रायव्हरला जास्त. पत्नी तयार झाल्या तर जाताना तो घ्या, नाहीतर हुबळीच.

वाटेत दोन जागी खास लक्ष हवे. धर्मपुरी आणि सेलम यांच्यामध्ये तोप्पूर घाट आहे. जाताना तो सलग उतार असतो आणि अपघातांसाठी बदनाम आहे. उतार सुरू होण्याआधीच तिसरा गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा 'एल'. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ब्रेक ऑइल तापून उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडते. जुन्या, ओलावा शोषलेल्या ऑइलला हे लवकर होते. घाटात ट्रकच्या पुढे रेंगाळू नका. दुसरे म्हणजे तामिळनाडूतल्या महामार्गावर गावांजवळ पोलिसांचे आडवे-तिडवे लावलेले बॅरिकेड आणि डिव्हायडरमधल्या मोकळ्या जागा. तिथून गाडी सरळ उजव्या लेनमध्ये वळून येते. गाव आले की ऐंशीचे साठ करा. आणि मदुराईच्या वाटेवर कुणी "कोडाईकॅनॉल जवळच आहे" म्हणाले तर, मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकॅनॉलला ई-पास लागतो. या बेतात ते बसतही नाही.

गाडीचे काम निघण्याच्या तीन आठवडे आधी करा, आदल्या दिवशी नव्हे. गॅरेजमध्ये केलेल्या कामातली चूक पहिल्या पाचशे किलोमीटरात दिसते, ते पुण्यातच होऊ देत. सात वर्षांच्या गाडीत मी सगळ्यात आधी टायर बघेन. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी शिल्लक दिसली तरी बदला, कारण भरलेली गाडी, शंभरचा वेग आणि दुपारची सडक यांत जुने रबर फाटते. नक्षी तीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पावसात चाक पाण्यावर तरंगते. हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात 'पूर्ण भार' समोर दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना. दुपारी मोजली तर तीन-चार पीएसआय जास्त दिसेल. ती कमी करू नका, ते गृहीत धरलेलेच असते. स्टेपनीतली हवा बघायला बहुतेक लोक विसरतात. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलले नसेल तर बदला, बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर लोड टेस्ट, वायपरचे रबर नवे. पाच माणसे आत आणि बाहेर पाऊस म्हणजे काच आतून धुकणार. तेव्हा एसी चालू आणि हवा बाहेरची घ्या, आतली फिरवू नका.

आईंना मागे डाव्या खिडकीशी बसवा, दर दीड तासाला उतरवून दहा मिनिटे पायी चालवा. बसून पाय सुजतात, आणि स्वच्छतागृहाच्या भीतीने त्या पाणी कमी पितील तर लघवीच्या गोळीबरोबर ते बाधते. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः ठरवू नका. औषधे डिकीत नाहीत, हाताशी.

टोलबद्दल इतकेच: राष्ट्रीय महामार्गांसाठीचा फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा होता, २०० फेऱ्यांसाठी. जाता-येता चाळीसहून अधिक नाके लागतात, तो याच सहलीत वसूल होतो. नाइस रोडला तो चालत नाही, तिथले पैसे वेगळे. महामार्गावर बंद पडलात तर १०३३, अपघातात ११२.

दोन पर्यायांतला निर्णय मात्र डिसेंबरपर्यंत लांबवू नका. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे नाताळच्या गाड्यांचे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि त्या तारखांच्या जागा भराभर संपतात. त्याआधी चारपैकी दोन रविवार तरी पत्नींना गाडी द्या. त्या रुळल्या तर गाडीने जा आणि मुक्कामांचे बुकिंग रद्द करता येईल असेच करा. नाही रुळल्या, तर आरक्षण उघडेल त्या सकाळी पाच तिकिटे काढा.